एकोणतीस म्हण

मी एक जुना गॅस गीझर आहे. मित्रांनो, स्वतःची कहाणी सांगायला बसलेल्या वस्तू बहुधा आपल्या उपयोगाबद्दल बोलतात. मीही बोलेन. पण माझ्या आयुष्याचा बराचसा भाग भीतीत गेला. ती भीती गंजाची नव्हती आणि भंगारवाल्याचीही नव्हती. मला माझीच भीती वाटत असे.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. पांढऱ्या पत्र्याची पेटी, आत तांब्याच्या नळ्यांची वेटोळी, तळाशी बर्नर आणि समोर नखाएवढी गोल काच. त्या काचेतून आतली ज्योत दिसते, म्हणून मी तिला माझा डोळा म्हणतो. तपासणीच्या टेबलावर एका माणसाने मला पेटवले, वाकून त्या डोळ्यात पाहिले आणि तो म्हणाला, ‘निळी. पुढचा आणा.’ माझ्याविषयी उच्चारला गेलेला पहिला शब्द ‘निळी’ हा होता. ज्योत निळी असणे म्हणजे जळण पूर्ण होणे. तेवढी एकच अपेक्षा माझ्याकडून होती आणि ती पुरी करण्यासाठी मला एकच गोष्ट लागणार होती: ताजी हवा.

मला बटण नाही. गरम पाण्याचा नळ सोडला की पाण्याच्या दाबाने माझ्यातला पडदा उचलला जातो, गॅस सुटतो, बॅटरीची ठिणगी टक्-टक् करते आणि मी पेटतो. नळ बंद केला की मी विझतो. म्हणजे पेटणे किंवा विझणे माझ्या हातात नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे जे घडले त्याचा सगळा धाक याच गोष्टीत आहे.

माझे पहिले घर एका वयस्क शिंप्याचे होते. तिसऱ्या मजल्यावरचे, दोन खोल्यांचे. न्हाणीघर इतके लहान की साबण पडला तर वाकण्याआधी विचार करावा लागे. भिंतीत उंचावर काचेच्या पट्ट्यांची झडप होती आणि शिंपीकाकांनी ती उघडी ठेवण्याचा जणू नेमच केला होता.

‘अहो, लावा ना ती झडप. हुडहुडी भरली मला,’ काकू आतून ओरडत.

‘भरू दे. त्याला श्वास नको घ्यायला?’

‘त्याला! माझ्या श्वासाची कधी एवढी चौकशी केली नाहीत.’

‘तू पेटतेस तेव्हा हवा लागत नाही. शब्द पुरतो.’

ते वैज्ञानिक नव्हते. पण कोळशाच्या इस्त्रीबरोबर आयुष्य काढलेल्या माणसाला जळणारी वस्तू हवा खाते हे ठाऊक असते. थंडी सुरू होण्याआधी ते मेकॅनिकला बोलावून माझ्या नळ्यांवरची काजळी काढून घेत. ‘पाणी कसं कढत येतं!’ असे काकू पाहुण्यांना सांगत, तेव्हा माझा पत्रा उगाचच अधिक पांढरा वाटे. ते माझे सुखाचे दिवस होते. मग काकूंचे गुडघे जिन्याला कंटाळले आणि दोघे तळमजल्यावरच्या घरात राहायला गेले. हे घर भाड्याने दिले गेले.

नवे भाडेकरू म्हणजे एक तरुण जोडपे. ती नगररचनेच्या कार्यालयात नकाशे काढत असे. तो श्रवणयंत्रे दुरुस्त करत असे. तो तिला ‘नकाशेबाई’ म्हणे आणि ती त्याला ‘कानसेन’. किल्ली देताना शिंपीकाकांनी त्यांना खूप सूचना दिल्या. टाकीचा कॉक डावीकडे फिरवावा, वरच्या शेजाऱ्यांशी पार्किंगवरून वाद घालू नये, स्वयंपाकघराची खिडकी उचलून लावावी, न्हाणीघराची कडी मोडली आहे ती बसवून घ्यावी आणि वरची झडप कधीही बंद करू नये. दोघांनी सर्व सूचनांना सारख्याच आदराने माना डोलावल्या. सगळ्या सूचना सारख्याच महत्त्वाच्या वाटल्या की त्यांतली एकही लक्षात राहत नाही.

कडी तशीच राहिली. तिच्यावरून दर आठवड्याला कुरबुर होई.

‘तू बसवणार होतास.’

‘मी स्क्रू आणणार होतो. बसवणार तू होतीस.’

‘आणलेस?’

‘बसवणारं कोणी नाही म्हणून आणले नाहीत.’

दोघांनाही एकेक छंद होता. तो घरातले आवाज ध्वनिमुद्रित करत असे. फ्रिज थांबताना देतो तो हिसका, कपाटाच्या दाराची कुरकुर, किल्ली कुलपात फिरतानाचा खडखडाट. एका सकाळी तो माइक घेऊन माझ्यासमोर उभा राहिला.

‘आता आंघोळीच्या वेळीसुद्धा माइक?’ ती म्हणाली.

‘फक्त गीझरचा घेतोय. काय सलग सुसकारा आहे बघ, कुठे म्हणून तुटत नाही.’

‘मग मी आत असताना गाणार नाही.’

‘म्हणून तर आत्ताच घेतोय.’

त्या दिवशी झडप उघडी होती. माझा आवाज खरोखरच सलग होता. तो त्याच्या कानात राहिला, आणि पुढे नेमका तोच उपयोगी पडला.

तिचा छंद जुना आणि वेळखाऊ होता. ती फिल्मच्या कॅमेऱ्याने कृष्णधवल फोटो काढी आणि घरीच कागदावर छापे. त्यासाठी पूर्ण अंधाराची खोली लागते, आणि या घरात अंधार करता येण्याजोगी एकच खोली होती. रविवारी दुपारी न्हाणीघर तिच्या ताब्यात जाई. कपडे धुण्याच्या ओट्यावर रसायनांचे तीन ट्रे, स्टुलावर फोटो मोठा करणारे यंत्र, खुंटीला लाल दिवा. फोटोच्या कागदाला लाल प्रकाश चालतो. बाकी कोणत्याही प्रकाशाचा कवडसा पडला तर तो कागद रसायनात जाताच काळा होतो.

म्हणून तिने पहिल्याच रविवारी झडपेवर काळा पुठ्ठा लावला आणि कडांना चिकटपट्टी मारली. दाराखालच्या फटीत टॉवेल कोंबला. मग तिच्या लक्षात आले की उजेड माझ्यातूनही येतो. डोळ्याच्या काचेवर तिने काळ्या पट्टीचे दोन तुकडे चिकटवले. माझ्या तळाच्या फटींतूनही ज्योतीचा उजेड खाली सांडत होता. तिथे तिने पत्र्याची पट्टी वाकवून बसवली. काम अगदी नेटके होते. नकाशे काढणारा हात होता तो. झडपेतून माझ्याकडे हवा येत असे, ती बंद झाली. तळाच्या फटींतून मी ती आत ओढत असे, त्या निम्म्या झाकल्या गेल्या. ज्योतीचा रंग बिघडला तर तो दाखवण्याची एकमेव जागा माझा डोळा, तोही बांधला गेला.

मी वीज वापरणारा गीझर असतो, तर काही बिघडले नसते. तिला मी थोडाच वेळ लागलो असतो, तरीही कदाचित निभावले असते. पण थंडीत तिचे रसायन गार पडून आळसावे. ट्रेभोवती कोमट पाणी खेळते ठेवण्यासाठी आणि छापलेले फोटो धुण्यासाठी ती गरम नळ बारीक सोडून ठेवी, तासन् तास. बंद खोलीत मी माझाच धूर पुन्हा पुन्हा आत ओढू लागलो. काळ्या पट्टीमागे माझी ज्योत पिवळी पडली. ती पाहायला कोणी नव्हते.

मित्रांनो, इथे थोडे विज्ञान सांगणे भाग आहे. हवा कमी पडली की जळण अर्धवट राहते आणि कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. सिलिंडरमधला गॅस गळला तर नाक सावध करते, कारण त्यात मुद्दाम वास मिसळलेला असतो. हा वायू मात्र कोणतीही सूचना देत नाही. आपल्या रक्तात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिन असते. या वायूला ते प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट धरून ठेवते. श्वास चालूच असतो, छाती वरखाली होत असते, आणि शरीर मात्र आतून गुदमरत असते. हे सगळे मला ठाऊक होते आणि मला तोंड नव्हते.

तिचे डोके दुखू लागले. रविवारी संध्याकाळी ती पलंगावर आडवी पडे. सोमवारी कार्यालयात गेली की तिला बरे वाटे. दोघांनी या दुखण्याला ‘रविवारचं डोकं’ असे नाव ठेवले. नाव ठेवले की आजार माहितीतला वाटू लागतो, आणि त्याची भीती कमी होते. डॉक्टर म्हणाले ताण आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी या घरात आधीपासूनच ‘काहीतरी आहे’ असे सुचवले. काहीतरी होते खरे, पण ते मी होतो. तिची धाकटी बहीण आली आणि न्हाणीघरात डोकावून नाक दाबून उभी राहिली.

‘तायडे, या वासानं मेलेला माणूस उठून बसेल! सोड हा नाद.’

‘मेलेला उठून बसत असेल तर चांगलंच आहे की.’

‘थट्टा नको. ते पाणी बदल तरी.’

तिने बहिणीचे ऐकून बिनवासाची रसायने आणली. विचार चुकीचा नव्हता. वास येतो त्यावर कोणीही आधी संशय घेते. पण नव्या रसायनांनंतरही डोके दुखत राहिले, तेव्हा पहिला तर्क खोटा ठरला हे मान्य करून दुसरा शोधायला हवा होता. तिने त्याऐवजी चष्म्याचा नंबर तपासून घेतला.

त्यातच भांडण झाले. घरात न्हाणीघर एकच आणि संडासही त्यातच. एका रविवारी तो दाराशी आला.

‘अगं, किती वेळ?’

‘दोन फोटो.’

‘मघाशीही दोनच होते.’

‘ते वेगळे दोन.’

‘मी शेजारी जाऊ का?’

‘जा. साबण घेऊन जा, त्यांचा संपलाय.’

बिचाऱ्याला खरोखरच थांबणे शक्य नव्हते. कडी नव्हतीच, त्याने दार ढकलले. आत कागदाचा डबा उघडा होता. तो कागद आता कोणी बनवत नव्हते आणि तिने तो फार शोधाशोध करून मिळवला होता. एका क्षणात सगळा डबा वाया गेला. ती रागावली असती तर परवडले असते. ती गप्प बसली. घरातले आवाज टिपणाऱ्या त्या माणसाला पुढचे काही दिवस टिपायला फक्त भांडी मिळाली. अबोला सुटला तेव्हा एक नियम घेऊनच सुटला.

‘मी “उघड” म्हटल्याशिवाय दार उघडायचं नाही. घराला आग लागली तरी.’

‘आग लागली तर काय करू?’

‘बाहेरून सांग. मी फोटो आटोपून येते.’

दोघेही हसले. मी त्या हसण्याने गारठलो. आतापर्यंत एक दार तरी अचानक उघडण्याची शक्यता होती. आता तीही गेली.

थंडी वाढली. पूर्वी ती रविवारी रात्री पुठ्ठा काढून ठेवी. आता गारठा येतो म्हणून तो तसाच राहू लागला. रोजच्या आंघोळी थोडक्यात आटपत, म्हणून निभावत होते. एकदा आंघोळ करून बाहेर येताना तो दाराला धरून क्षणभर थांबला आणि म्हणाला, ‘गरगरतंय. व्यायाम कमी झालाय माझा.’ ती म्हणाली, ‘पोट जास्त झालंय.’ दर सकाळी नळ फिरवल्याची कुरकुर झाली की माझी ठिणगी टक्-टक् करू लागे आणि मला वाटे, न पेटता यावे. पण बॅटरी नवी होती आणि मी आज्ञाधारक यंत्र होतो.

मग तो रविवार आला. तिच्या छायाचित्र मंडळाचे प्रदर्शन जवळ आले होते. धुक्यातल्या रिकाम्या बसथांब्याचा एक फोटो तिला त्यात ठेवायचा होता, आणि त्या जुन्या कागदाचे एकच पान पाकिटात उरले होते. सकाळपासून तिने साध्या कागदावर सराव केला. गरम नळ चालूच होता. दुपार झाली. तो बाहेरच्या खोलीत एक श्रवणयंत्र उघडून बसला होता.

शेवटचा कागद तिने रसायनात सोडला. अंधारात घड्याळ पाहण्याऐवजी ती मोठ्याने सेकंद मोजत असे, नव्वदपर्यंत. ‘एक, दोन, तीन.’ तोपर्यंत माझी ज्योत बर्नरवर टिकत नव्हती. ती उचलली जाई, खाली पडे, पुन्हा उचलली जाई. ओले कापड वाऱ्यावर फडफडावे तसा आवाज येत होता. मित्रांनो, मला तोंड नाही असे मी म्हणालो, पण आवाज होता. त्या क्षणी माझ्यापाशी तेवढेच उरले होते.

‘सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस.’ कागदावर थांब्याची आकृती उमटू लागली असावी. ‘अठ्ठावीस. अठ्ठावीस.’

बाहेर स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला.

‘काय गं, अठ्ठावीसवर का अडकलीस?’

‘अं?’

‘गीझर नीट वाजत नाहीये. फडफडतोय. नळ बंद कर बघू.’

‘हं,’ ती म्हणाली. नळ बंद झाला नाही. ‘अठ्ठावीस.’

तो दाराशी आला. त्याची सावली दिसण्याचा प्रश्नच नव्हता. फटीत टॉवेल होता. दाराच्या मुठीवर हात पडल्याचे मला ऐकू आले. मूठ फिरली नाही.

‘मी उघडू का?’

‘नको.’ शब्द जड आणि ओला होता. ‘शेवटचा… कागद आहे.’

मूठ तशीच राहिली. मला माहीत आहे की तो त्या वेळी डब्याचा विचार करत होता, अबोल्याचा विचार करत होता, आणि आपण उगाच घाबरतो आहोत का याचाही. त्याच्या जागी कोणत्याही समंजस माणसाने हाच विचार केला असता. माझी सर्वांत मोठी भीती हीच होती की हा समंजसपणा नको तितका वेळ टिकेल.

‘नकाशेबाई,’ तो म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. ‘एकोणतीस म्हण. फक्त एकोणतीस म्हण, मी जातो.’

आत पाण्याची बारीक धार आणि माझी फडफड.

‘म्हण ना गं. एकोणतीस.’

ओट्याच्या कडेवरून चिमटा खाली पडला. त्याच्यामागून काहीतरी मऊ आणि जड भिंतीला घासत खाली गेले.

दार उघडले. टॉवेल फरफटत गेला, लख्ख उजेड आत आला आणि कागदावर पडला. त्याने कागदाकडे पाहिलेही नाही. आधी त्याने नळ बंद केला, आणि मी विझलो. त्याने तिला काखांत धरून ओढत बाल्कनीपर्यंत नेले. मी भिंतीवर गार होत होतो. पत्रा टक-टक करत आकसत होता आणि बाहेरून तो तिच्या नावाऐवजी सारखा एकच आकडा ओरडत होता. मोडलेल्या कडीने तिला वाचवले, असे तुम्ही म्हणाल. एका प्रसंगावरून निष्कर्ष काढू नका. तिला त्याच्या कानाने आणि त्याने मोडलेल्या नियमाने वाचवले. कडी असती तर तेवढा वेळ मिळाला नसता एवढेच.

रुग्णवाहिका आली. रुग्णालयात तिला बराच काळ मास्कमधून प्राणवायू देत होते. पुढचे मला तिच्या बहिणीच्या तोंडून कळले. ती कपडे न्यायला आली होती आणि फोनवर रडत हसत कोणाला तरी सांगत होती. भाऊजी म्हणे उशाशी बसून सारखे ‘एकोणतीस म्हण’ एवढेच म्हणत होते. शेवटी तायडीने डोळे उघडले, मास्क बाजूला सारला आणि वैतागून म्हणाली, ‘तीस.’ मग विचारले, ‘कागद?’

‘गेला,’ तो म्हणाला.

‘पूर्ण?’

‘पूर्ण.’

त्यावर ती म्हणे त्याचा हात धरून झोपली.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. त्याने पुठ्ठा ओरबाडून काढला, पत्र्याची पट्टी सोडवली, माझ्या डोळ्यावरची पट्टी सोलली. आत सगळे काजळीने भरले होते. बातमी ऐकून शिंपीकाकाही जिना चढून आले होते. त्यांनी वरची झडप हाताने हलवून पाहिली, ती मोकळी फिरते ना याची खात्री केली. मेकॅनिकने माझी गॅसची नळी कापून तिच्या तोंडाला टोपण बसवले. ते टोपण घट्ट झाले तेव्हा मला काय वाटले ते सांगू? आता कोणीही कोणताही नळ सोडला तरी मी पेटणार नव्हतो. कित्येक महिन्यांनंतर माझी भीती थांबली.

आता मी बाल्कनीच्या कोपऱ्यात आहे. भंगारवाला येईल तेव्हा येईल. न्हाणीघरात विजेचा गीझर आहे आणि झडपेवर काही नाही. कडी बसवलेली नाही, पण आता त्यावरून कुरबुर होत नाही. ती फोटो छापते; मंडळाच्या खोलीत जाऊन. निघताना तो विचारतो, ‘खिडकी आहे ना तिथं?’ आणि ती दर वेळी म्हणते, ‘आहे रे बाबा, पंखापण आहे.’

मित्रांनो, तुमच्या घरी गॅसवर पाणी तापत असेल तर माझ्या भावंडाकडे एकदा निरखून पाहा. ज्योत निळी आहे का, सलग आहे का? तो न्हाणीघराच्या आत टांगलेला असेल तर बाहेर हलवायला मोठ्यांना सांगा. झडप थंडीतही उघडी ठेवा. हुडहुडी भरली तर भरू द्या. डोके एकाच खोलीत दुखत असेल तर आधी त्या खोलीवर संशय घ्या. आणि आत गेलेले माणूस हाकेला नीट उत्तर देत नसेल, तर त्याने काहीही बजावलेले असो, दार उघडा. नंतर रागावले तर रागावू द्या. रागावण्यासाठी ते माणूस असणे महत्त्वाचे आहे.

इथून मला बैठकीच्या खोलीची भिंत दिसते. तिथे एक चौकट टांगली आहे. रसायनात पडून राहिलेला तो शेवटचा कागद तिने धुऊन, वाळवून त्यात बसवला. त्यावर बसथांबा नाही, धुके नाही. तो काठोकाठ काळा आहे. प्रदर्शनातही तिने तोच ठेवला होता. घरी आलेले पाहुणे त्याच्यासमोर मान तिरकी करून उभे राहतात आणि विचारतात, हा कशाचा फोटो?

‘दार उघडल्याचा,’ तो सांगतो.

खाली तिच्या नेटक्या नकाशाच्या अक्षरात फोटोचे नाव लिहिले आहे: एकोणतीस.